शिलालेख नसताना भूकंपाची तारीख कोण सांगतं?

शंकासुर

कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशाबद्दल (भ्रंश म्हणजे जिच्यावर दोन बाजूंची जमीन सरकते ती तूट) वाचताना पॅलेट क्रीकची यादी समोर आली. लॉस एंजेलिसच्या ईशान्येला साधारण ५५ किमीवरची ओढ्याकाठची जागा. केरी सीह, स्टुइव्हर आणि ब्रिलिंजर यांनी १९८९ मध्ये तिथल्या मोठ्या भूकंपांच्या दिलेल्या तारखा अशा:

१८५७, १८१२, १४८०±१५, १३४६±१७, ११००±६५, १०४८±३३, ९९७±१६, ७९७±२२, ७३४±१३, ६७१±१३.

१८५७ चं समजू शकतो, तेव्हा लिहिणारे लोक होते. पण इ.स. ६७१ मध्ये त्या दलदलीशेजारी रोजनिशी घेऊन कोण बसलं होतं? तेव्हा प्रश्न असे:

१) मातीत भूकंप "दिसतो" म्हणजे नेमकं काय दिसतं?
२) रेडिओकार्बनमधून ±१३ वर्षं कशी निघतात?
३) सरासरी अंतर १३२ वर्षं सांगतात. मी वजाबाक्या केल्या: ४५, ३३२, १३४, २४६, ५२, ५१, २००, ६३, ६३. नऊपैकी एकच आकडा १३२ च्या आसपास. मग या सरासरीचं करायचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकतो: ± च्या पुढचा आकडा जितका लहान, तितका माझा संशय मोठा.

टवाळ

नावाला जागलात. जाणकार येईपर्यंत खुर्ची अडवून ठेवतो.

चरखोद्या

पहिला प्रश्न घेतो, कारण तो सुटल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही.

भ्रंशाला काटकोनात चर खणतात. खोली साधारण ३ ते ५ मी. दीड मीटरच्या खाली गेलं की भिंतींना आधार द्यावा लागतो, नाहीतर पायऱ्या पायऱ्यांनी रुंद करत खणावं लागतं. ओला गाळ न सांगता ढासळतो. यंत्राने खणलेली भिंत लिंपल्यासारखी दिसते, थर पुसट होतात. म्हणून थापीने आणि ब्रशने ती पूर्ण खरवडून काढतात. मग दोरीने १ मी × ०.५ मी चे चौकोन आखायचे, थरांच्या सीमांवर रंगीत खुणांचे खिळे ठोकायचे, आणि प्रत्येक चौकोन कागदावर उतरवायचा. हल्ली शेकडो फोटो जोडून भिंतीचं त्रिमितीय चित्र करतात, पण भिंतीसमोर उभं राहून हाताने काढलेल्या नोंदीला पर्याय नाही. फोटोत ओल आणि सावलीसुद्धा थरासारखी दिसते.

आता भूकंपाच्या खुणा. मुख्य कल्पना अशी, की भूकंप झाला त्या दिवशी जमिनीचा जो पृष्ठभाग होता तो शोधायचा. त्याच्या खालचं सगळं तुटलेलं, वरचं सगळं अखंड.

- भेगा वर येता येता एका थरापाशी थांबतात आणि वरचा थर त्यांच्यावरून सरळ जातो.
- जमीन खाली-वर झाली असेल तर कडा तयार होतो. तो ढासळून पायथ्याशी पाचरीच्या आकाराचा ढिगारा साचतो.
- उघडी भेग वरून पडलेल्या मातीने भरते. त्या मातीचा रंग आजूबाजूच्या थरांशी जुळत नाही.
- खालचे थर वाकलेले किंवा कललेले, वरचे आडवे.
- पाण्याने भरलेली वाळू दाबाखाली वर उसळते आणि तेव्हाच्या पृष्ठभागावर पसरते.

यातली एकच खूण एकाच भिंतीवर दिसली तर फारसा जोर देऊ नये. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर, दोन-तीन प्रकारच्या खुणा एकाच पातळीला आल्या, की मग "घटना" म्हणायची.

खिडकीतला

भेगा थांबल्या तिथेच पृष्ठभाग होता हे कशावरून? भेग आपली आपण वर येता येता विरू शकते ना?

चरखोद्या

शकते, आणि सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. मऊ चिकणमातीत भेग शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये विरून जाते. म्हणजे भूकंप वास्तविक वरच्या थराच्या काळातला, आणि आपण तो खालच्या थराच्या नावावर लावतो. एका भूकंपाच्या चार भेगा चार वेगवेगळ्या उंचीवर विरल्या, तर उत्साही माणूस चार भूकंप मोजतो. म्हणून भेग थांबणं ही दुय्यम खूण. पाचर, भरलेली भेग, उसळलेली वाळू या गोष्टी उघड्या पृष्ठभागाशिवाय होत नाहीत, त्यांचं वजन जास्त.

उलट्या बाजूची चूकही आहे. दोन भूकंपांच्या मध्ये तिथे गाळच साचला नाही, तर दोन्ही एकाच पातळीवर येतात आणि एकच मोजला जातो. १८१२ आणि १८५७ मध्ये फक्त ४५ वर्षं. ज्या जागी शंभर वर्षांत दोन बोटं गाळ साचतो तिथे ही जोडी वेगळी करणं जवळपास अशक्य. पुराने वरचे थर वाहून नेले, तर पुरावाच गेला. शिवाय साधारण ६.५ च्या खालचे भूकंप बहुधा जमीन फाडतच नाहीत, त्यामुळे ते या हिशेबात नसतातच.

आणि उंदीर-घुशी! बुजलेलं बीळ आणि भेगेतली भर यांत फरक करायला शिकेपर्यंत माणूस बिळांनाही भूकंप म्हणत असतो.

टवाळ

म्हणजे काही प्रागैतिहासिक भूकंपांचा केंद्रबिंदू घुशीच्या घरात आहे.

गाळथर

जागेच्या निवडीबद्दल दोन शब्द. चांगली जागा म्हणजे भ्रंश बरोबर मधून जातो, गाळ वारंवार आणि थोडा थोडा साचतो, आणि मधूनमधून वनस्पती कुजून पीट तयार होतं. पॅलेट क्रीकला हे तिन्ही होतं. तिथे दलदल होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओढ्याने स्वतःचं पात्र खोल कापलं आणि शेकडो वर्षांचे थर काठावर उघडे पडले. पाणी उतरल्यामुळे खणणंही सोपं झालं. काळ्या पीटचे आणि पिवळसर वाळूचे आलटून पालटून पट्टे असले की भेग कुठे संपते ते शाळकरी पोरही दाखवेल.

याच्या उलट जाडा गोटा आणि रेव. भ्रंश समोर असतो, पण थर नाहीत आणि तारीख काढायला कोळशाचा तुकडाही नाही.

अर्धायुषी

दुसऱ्या प्रश्नाकडे. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: भूकंपाची तारीख कोणीच मोजत नाही. मोजतात ती बी, पान, काडी किंवा कोळसा यांच्या मरणाची तारीख. भूकंप हा दोन मरणांच्या मध्ये कुठेतरी. खालच्या तुटलेल्या थरातला नमुना सांगतो "याच्यानंतर", वरच्या अखंड थरातला सांगतो "याच्या आधी".

रेडिओकार्बन म्हणजे कार्बन-१४. जीव मेला की त्यातला तो विघटत जातो, आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५७३० वर्षं. प्रयोगशाळा जे वय देते ते "आजपूर्व" असतं आणि त्यातला "आज" म्हणजे १९५०. हे वय कॅलेंडरचं वर्ष नव्हे. हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण काळानुसार बदलत आलं आहे, म्हणून झाडांच्या वलयांवरून तयार केलेल्या वक्रावर ते बसवावं लागतं. उत्तर गोलार्धासाठी इंटकॅल२०, दक्षिणेसाठी एसएचकॅल२०. न्यूझीलंडच्या नमुन्याला उत्तरेचा वक्र लावला तर काही दशकांची चूक फुकट पदरात पडते.

इथे खरी पंचाईत. वक्र सरळ उतरत नाही, वळसे घेतो. जिथे तो आडवा पडतो तिथे शंभर-दीडशे वर्षांतल्या सगळ्या वस्तूंना एकच रेडिओकार्बन वय येतं. इ.स.पू. ८०० ते ४०० हा त्यातला कुप्रसिद्ध पट्टा. १६५० नंतरचा काळही तसाच: १५०±३० असं वय आलं तर उत्तर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकापर्यंत तुकड्यातुकड्यांत पसरतं. शंकासुरांच्या यादीत ११०० ला ±६५ आहे ते पाहा. साधारण १०५० ते ११५० मध्ये वक्र जवळपास आडवा आहे. मोजमाप कितीही सुबक असो, वक्र जे देत नाही ते मिळत नाही.

शंकासुर

मग ६७१±१३ कसं?

अर्धायुषी

तीन गोष्टींनी. एक, पॅलेट क्रीकला पीटचे नमुने मोठे मिळाले आणि ते दीर्घकाळ मोजून अतिसूक्ष्म अचूकता गाठली. दोन, वक्र त्या शतकात बऱ्यापैकी उताराचा आहे. तीन, नमुना नेमका भूकंपाच्या पातळीवर नसला तरी वरखालच्या तारखांवरून गाळ साचण्याचा वेग काढून मधली पातळी अंदाजता येते. तिसऱ्यात एक गृहीत दडलंय: गाळ एका चालीने साचला. पीटच्या बाबतीत ते बरंचसं चालतं. पुराच्या वाळूच्या बाबतीत अजिबात नाही. अर्धा मीटर वाळू एका दुपारीही पडते.

गाळथर

अर्धायुषींनी कोळसा ओघात उल्लेखला, पण सगळ्यात जास्त घोळ कोळशानेच होतो. तीनशे वर्षं जगलेल्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा, झाड कालच जळलं तरी तीनशे वर्षं जुना निघतो. वर तो कोळसा डोंगरउतारावर पडून राहिला, दुसऱ्या पुरात वाहून आला, म्हणजे आणखी शे-दोनशे. कोळसा वय वाढवूनच सांगतो. याउलट मुळं वरून खाली घुसतात आणि थराला खोटं तारुण्य देतात.

म्हणून निवडीचा क्रम: बिया, पानं, बारीक काड्या, मग एकाच फांदीचा बारीक कोळसा, अगदीच काही नसेल तर ठोक पीट. कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या एएमएस यंत्राला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, तेव्हा एक बी पुरेशी होते. नमुना चिमट्याने उचला, अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. कागद, कापूस, दोरा यांतला आजचा कार्बन नमुन्यात मिसळतो. ओला ठेवून बुरशी येऊ दिलीत तर तेच. प्रयोगशाळेत आम्ल-अल्कली-आम्ल अशी धुलाई होते ती मातीतून मुरलेली ह्युमिक आम्लं काढायला, पण घरची घाण बाहेर धुवायला पाठवू नये.

अर्धायुषी

+१. एकाच थरातून तीन-चार वेगवेगळे तुकडे मोजा आणि सगळ्यात तरुणावर विश्वास ठेवा, मूळ नाही याची खात्री करून.

पायथ्याशी

कोळसाच नसेल तर? वाळूच्या कणांचं काय?

चरखोद्या

त्याला प्रकाशदीप्ती पद्धत, ओएसएल. क्वार्ट्झ किंवा फेल्डस्पारच्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते ती सांगते. गाडला गेल्यावर आजूबाजूच्या किरणोत्सर्गामुळे कणात ऊर्जा साठत जाते. प्रयोगशाळेत प्रकाश टाकला की ती उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. साठलेली मात्रा भागिले वर्षाची मात्रा म्हणजे वय. साठा ६ ग्रे (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) आणि दर हजार वर्षांना ३ ग्रे असेल तर २००० वर्षं.

पाळायच्या गोष्टी: धातूची अपारदर्शक नळी भिंतीत ठोकून भरायची, दोन्ही टोकं लगेच बंद. टोकाची माती ऊन लागलेली म्हणून वयासाठी फेकायची. आजूबाजूची थोडी माती वेगळी घ्यायची, किरणोत्सर्ग आणि ओल मोजायला. ओल महत्त्वाची, कारण पाणी किरणं शोषतं. ओल चुकली की वय चुकलं. आणि गढूळ पुरात रात्री वाहून आलेल्या कणांना पुरेसं ऊन लागलेलंच नसतं, मग वय फुगतं. यावर उपाय म्हणून एकेक कण सुटा मोजतात.

चूक सहसा ५ ते १० टक्के. १००० वर्षांना ५०-१००. म्हणजे एकेका भूकंपाचं वर्ष शोधायला हे हत्यार बोथट, पण जिथे दुसरं काही नाही तिथे हेच.

वलयांकित

एवढा वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. नेमकं वर्ष हवं असेल तर माती सोडा आणि झाडाकडे या.

शंकासुरांच्या यादीतलं १८१२ हेच उदाहरण. ८ डिसेंबर १८१२ ला दक्षिण कॅलिफोर्नियात भूकंप झाला, सान हुआन कापिस्त्रानोचं चर्च कोसळलं, एवढं ठाऊक होतं. भ्रंश कोणता हे ठाऊक नव्हतं. राइटवूडजवळ सॅन अँड्रियासच्या अगदी कडेला उभ्या असलेल्या जुन्या पाइन वृक्षांची वलयं जेकोबी, शेपर्ड आणि सीह यांनी तपासली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. १८१२ चं वलय ठीक, १८१३ पासून एकदम अरुंद, आणि काही झाडांना सावरायला पुढे कित्येक वर्षं लागली. मुळं तुटली किंवा शेंडे मोडले, आणि तेही १८१२ चा वाढीचा हंगाम संपल्यावर, १८१३ चा सुरू व्हायच्या आत. डिसेंबर त्यात चपखल बसतो.

पद्धत: पोकळ गिरमिटाने सुमारे ५ मिमी जाडीची गाभ्यापर्यंतची काडी काढायची, झाड मरत नाही. घासून गुळगुळीत करायची. नुसती वलयं मोजून भागत नाही, कारण वाईट वर्षी झाड काही ठिकाणी वलय टाकतच नाही. म्हणून अरुंद-रुंद वर्षांचा क्रम भ्रंशापासून दूरच्या झाडांशी जुळवून प्रत्येक वलयाला वर्ष द्यायचं. दूरची झाडं आणखी एका कारणासाठी लागतात: दुष्काळ, कीड, वणवा यांनीही वलयं आकसतात. भ्रंशालगतची झाडं दचकली आणि दूरची दचकली नाहीत, तरच भूकंपाचं नाव घ्यायचं.

खिडकीतला

पण ही युक्ती झाडाच्या आयुष्याएवढीच मागे जाते.

वलयांकित

मेलेलं झाडही चालतं, क्रम जुळला की झालं. कॅस्केडियाची, म्हणजे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याची, गोष्ट त्यावरच उभी आहे. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, कोपॅलिस नदीच्या मुखापाशी, लाल देवदारांचे वठलेले सोट भरतीच्या चिखलात उभे आहेत. जमीन एका झटक्यात मीटर-दीड मीटर खचली, खारं पाणी शिरलं, झाडं उभ्या उभ्या मेली. ब्रायन अ‍ॅटवॉटर यांनी १९८७ मध्ये या किनाऱ्यावरचे खचलेल्या जमिनीचे आणि त्सुनामीने आणलेल्या वाळूचे पुरावे मांडले. रेडिओकार्बनने काळ आला १७०० च्या मागेपुढे काही दशकं.

खोडांची बाहेरची वलयं ऊन-पावसाने झिजून गेली होती, तेव्हा शेवटचं वर्ष खोडातून कळेना. म्हणून चिखलाखालची मुळं खणून काढली, त्यांच्यावर साल शाबूत होती. यामागुची आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की शेवटचं वलय १६९९ चं आणि पूर्ण. म्हणजे झाडं ऑगस्ट १६९९ ते मे १७०० च्या दरम्यान मेली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९६ मध्ये, साताके आणि सहकाऱ्यांनी जपानी दप्तरं उघडली होती. गेन्रोकु १२ व्या वर्षी, बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी, तिथल्या किनाऱ्यावर भूकंपाविना लाटा आल्या. पॅसिफिक ओलांडायला लागणारे सुमारे दहा तास मागे मोजले की २६ जानेवारी १७०० ची रात्र, सुमारे ९ वाजता, तीव्रता ९ च्या आसपास. शंकासुर, घ्या तुमची रोजनिशी. फक्त ती समुद्राच्या पलीकडे लिहिली गेली.

शंकासुर

हे मानलं. संशयाचं माप थोडं कमी करतो.

टवाळ

± किती?

दर्यावर्दी

कॅस्केडिया निघालंच आहे तर समुद्रतळाचं ऐका. मोठ्या भूकंपात समुद्रबूड उतारांवरचा गाळ घसरतो आणि गढूळ प्रवाह होऊन दऱ्यांतून खोल तळावर पसरतो. तळाच्या संथ चिकणमातीत एक वाळूचा थर. समुद्रतळात लांब नळ्या ठोकून हे थर वर आणतात.

घसरण वादळानेही होते, मग भूकंपच कशावरून? १९९० मध्ये जॉन अ‍ॅडम्स यांनी सुंदर कसोटी लावली. सुमारे ७६००-७७०० वर्षांपूर्वी मझामा ज्वालामुखीची राख साऱ्या प्रदेशात पडली. तिच्यावर वेगवेगळ्या उपदऱ्यांत १३ थर. या दऱ्या जिथे एकत्र येतात त्याच्या खालीही १३. घसरणी वेगवेगळ्या वेळी झाल्या असत्या तर संगमाखाली बेरीज व्हायला हवी होती, २६ किंवा जास्त. झाली नाही, म्हणजे सगळ्या दऱ्या एकदमच हलल्या.

पुढे गोल्डफिंगर आणि मंडळींनी २०१२ मध्ये सुमारे १०,००० वर्षांत संपूर्ण किनारपट्टी हलवणारे १९ भूकंप मोजले, आणि दक्षिण भागातले लहान धरून ४१.

गाळथर

१९ वर फारसं भांडण नाही. ४१ वर आहे. लहान थरांची जुळणी दोन-तीनशे किमी दूरच्या नळ्यांमध्ये मुख्यतः आकारावरून, घनतेच्या आणि चुंबकीय गुणांच्या आलेखांवरून केली आहे. अ‍ॅटवॉटर आणि इतरांनी २०१४ मध्ये नेमका यावरच आक्षेप घेतला: एकाच भूकंपाचा थर दोन दऱ्यांत वेगळा दिसू शकतो आणि वेगळ्या भूकंपांचे सारखे.

तारखांचाही प्रश्न आहे. थराखालच्या चिकणमातीतले सूक्ष्म जीवांचे कवच मोजतात. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच "जुना", सरासरी सुमारे ४०० वर्षं वजा करावी लागतात, आणि ही वजावट जागेनुसार व काळानुसार बदलते. शिवाय गढूळ प्रवाह जाता जाता खालची चिकणमाती खरवडतो. म्हणजे पुरावा आणणाराच पुरावा पुसतो.

दर्यावर्दी

आक्षेप रास्त. पण २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या कायकोउरा भूकंपानंतर काही दिवसांतच समुद्रतळातून नळ्या काढल्या तेव्हा अनेक दऱ्यांत ताजा थर सापडला. भूकंप ठाऊक, तारीख ठाऊक, थर हजर. "भूकंपाने एकाच वेळी अनेक दऱ्यांत थर पडतात" हे तरी निकालात निघालं.

गाळथर

निघालं. उलटा प्रवास, म्हणजे दूरदूरचे दोन थर एकाच भूकंपाचे, हे निघालं नाही.

खिडकीतला

(प्रतिसाद दोनदा आला, काढून टाकला)

पायथ्याशी

हिमालयाचं काय? तिथे तर लिखित परंपरा आहे.

चरखोद्या

आहे, आणि ती उपकारकही आहे, घातकही. १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप जमीन फाडून वर आला नाही असं बराच काळ मानत होते. नेपाळच्या तराईत सिर खोला इथे सापकोटा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की आला होता, आणि त्याच ठिकाणी १२५५ च्या भूकंपाचीही खूण आहे. १२५५ म्हणजे ज्यात काठमांडूचा राजा अभय मल्ल गेला तो.

अडचण अशी: चरातून उत्तर येतं "या दीडशे-दोनशे वर्षांत कधीतरी". त्यात बखरीतला एखादा भूकंप बसला की लगेच त्याचं नाव लागतं. शेजारच्या चरातही तसंच, की मग शेकडो किमी लांब एकच महाभूकंप तयार. तो खरा असेलही. पण तीस वर्षांच्या अंतराने झालेले दोन मध्यम भूकंपही हाच पुरावा सोडून गेले असते, आणि तुटीच्या लांबीवरून तीव्रता काढतात म्हटल्यावर हा फरक धोक्याच्या हिशेबात मोठा पडतो. शिवाय तिथे एका भूकंपात अनेक मीटर सरकणं होतं, म्हणून एका चरात सहसा एक-दोनच घटना हाती लागतात. सरासरी काढायला दोन आकडे पुरत नाहीत.

वलयांकित

दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडचा अल्पाइन भ्रंश. होकुरी क्रीकला भ्रंशाच्या कड्याने पाणी अडून पीट आणि गाळाचे आलटून पालटून थर साचले. ८००० वर्षांत २४ भूकंप, सरासरी ३२९±६८ वर्षं. बेरीमन आणि इतर, २०१२. अंतरं बरीच नियमित. शेवटचा १७१७ च्या सुमाराचा, तो झाडांवरून.

शंकासुर

म्हणजे तिसरा प्रश्न भ्रंशागणिक वेगळा? अल्पाइनला सरासरी कामाची, पॅलेट क्रीकला नाही?

अर्धायुषी

पॅलेट क्रीकच्या मूळ लेखातच म्हटलं होतं की भूकंप समूहाने येतात: दोन-तीन भूकंप काही दशकांच्या अंतराने, मग दोन-तीन शतकं शांतता. तुमच्या वजाबाक्यांत ते दिसतंच. पण जवळच्याच राइटवूडच्या सुमारे ३००० वर्षांच्या लांब नोंदीत अंतरं अर्धनियमित आढळली, २०१० मध्ये. नऊ अंतरांवरून समूह आणि योगायोग वेगळे करणं फार अवघड.

चरखोद्या

सरासरीवर जास्त विसंबलं की काय होतं त्याचं उदाहरण सॅन अँड्रियासवरच्याच कॅरिझो मैदानात. वॉलेस क्रीक हा ओढा भ्रंशाने सुमारे १३० मी बाजूला सरकवला आहे. सीह आणि जान्स यांनी १९८४ मध्ये त्यावरून वेग काढला: गेल्या ३७०० वर्षांत वर्षाला ३३.९±२.९ मिमी. १८५७ ला तिथे जमीन साडेनऊ मीटर सरकली असं मानत होते. ९.५ मी भागिले ३४ मिमी, म्हणजे एवढा ताण साचायला पावणेतीनशे वर्षं. हिशेब चोख.

२०१० मध्ये दोन गोष्टी आल्या. हवाई लेसर मोजणीने सगळे छोटे ओहोळ पुन्हा मोजले, तर १८५७ चं सरकणं ५ मीटरच्या आसपास. साडेनऊ ही दोन भूकंपांची बेरीज. आणि तिथल्याच बिडार्ट फॅन या जागेच्या चरांत सरासरी अंतर ८८ वर्षं निघालं. वेगाचा आकडा बरोबर होता, भागाकारही बरोबर होता. "दर वेळी तेवढंच सरकतं" हे गृहीत गेलं.

खिडकीतला

वाचनखूण साठवली. दोन भूकंपांची बेरीज एक समजणं हे मघाच्या गाळाच्या मुद्द्यासारखंच झालं की.

शंकासुर

कळलं का बघा म्हणून एक काल्पनिक चर मांडतो. खालून वर:

क) पीट, भेगांनी तुटलेलं. बिया ६२०±२५ आजपूर्व.
ख) २० सेंमी बारीक गाळ. भेगा यातच कुठेतरी संपतात. कोळसा ९००±३०.
ग) पीट, अखंड. बिया ५६०±२५.

माझं उत्तर: कोळसा खालच्या बियांपेक्षा जुना, म्हणजे वाहून आलेला, बाद. क साधारण १२९५ ते १४००, ग १३१५ ते १४२५ च्या दरम्यान, मधे खंड धरून. भूकंप चौदाव्या शतकात. बरोबर?

अर्धायुषी

बरोबर, पण इथे थांबू नका. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेत, तरी क आधी आणि ग नंतर हे थरांनी सांगितलेलं आहे. ही माहिती फुकट आहे, ती वापरा. ऑक्सकॅल या तारखा बसवण्याच्या संगणक-प्रणालीत हाच क्रम बंधन म्हणून घालतात: क, मग घटना, मग ग. न जुळणाऱ्या जोड्या गळतात आणि पट्टे आकसतात. घटनेची तारीख एका वर्षाची नसते, शक्यतेचा डोंगर असतो. १४८०±१५ ही त्याची थोडक्यात नोंद. आणि आकडा वाचताना ± हा ६८ टक्क्यांचा की ९५ टक्क्यांचा ते आधी बघा, लेखागणिक बदलतं.

कोळसा बाद केलात ते ठीक, पण नोंदीतून खोडू नका. का बाद केला ते लिहून ठेवा. नको असलेल्या तारखा गाळत गेलं की कुठलाही भूकंप हव्या त्या शतकात बसवता येतो.

चरखोद्या

आणि ख मधला गाळ पुराचा असेल तर भूकंप क च्या लगेच वर की ग च्या लगेच खाली हे या भिंतीवरून ठरणार नाही. भेग विरली असेल. भ्रंशाच्या रेषेवर थोडं पुढे सरकून दुसरा चर घ्या, जिथे ख पातळ आहे. तिथे पाचर किंवा उसळलेली वाळू मिळाली तर पातळी पक्की.

शंकासुर

दुसऱ्या चरात ग सुद्धा तुटलेलं निघालं तर?

चरखोद्या

तर दोन शक्यता. एक, पहिल्या चरात भेग विरली होती आणि भूकंप ग नंतरचा. दोन, भूकंप दोन आहेत आणि दुसऱ्याची भेग पहिल्या चरातून गेलीच नाही. निवाडा क च्या सरकण्यावरून: दुसऱ्या चरात क आणि ग सारखेच सरकले असतील तर एकच, क जास्त सरकलं असेल तर दोन. आडव्या सरकणाऱ्या भ्रंशावर हे एका भिंतीवर दिसत नाही. थोडं थोडं खरवडत भिंत मागे न्यायची आणि एखाद्या जुन्या पात्राची कड भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना कुठे येते ते दर वेळी मोजायचं.